नेत्रशुष्कता

नेत्रशुष्कता किंवा डोळ्यांचा कोरडेपणा हा डोळ्याच्या पृष्ठभागाचा एक दीर्घकालीन विकार आहे. डोळ्यात पुरेसे अश्रू तयार न झाल्यास, अथवा तयार झालेले अश्रू डोळ्यावर न टिकता लवकर उडून गेल्यास तो उद्भवतो. चुरचुरणे, खुपणे, डोळ्यात वाळू गेल्याची भावना, लालसरपणा आणि मधूनमधून अंधुक दिसणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. नेत्रतज्ज्ञांकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये हा विकार वारंवार आढळतो. वाढत्या वयात आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते.

कोरडेपणा म्हणजे अश्रूंचा अभाव, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांच्या डोळ्यात पाणी पुरेसे तयार होत असते. त्यावरील तेलाचा थर मात्र सदोष असतो, आणि त्यामुळे पाणी टिकत नाही. अनेक रुग्णांच्या डोळ्यांतून तर सतत पाणी वाहत असते. नेत्रशुष्कतेची कारणे अनेक असून प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. कारण न शोधता केवळ थेंब टाकत राहिल्यास आराम तात्पुरता मिळतो आणि मूळ विकार वाढत जाऊ शकतो.

व्याख्या

नेत्रशुष्कतेची व्याख्या काळानुसार बदलत गेली. १९९५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कार्यगटाने अश्रूंची कमतरता किंवा त्यांचे अतिरिक्त बाष्पीभवन यांमुळे होणारा अश्रुपटलाचा विकार, अशी तिची व्याख्या केली. २००७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीच्या अहवालाने अश्रूंतील क्षारांचे वाढलेले प्रमाण आणि डोळ्याच्या पृष्ठभागाचा दाह या दोन बाबी व्याख्येत समाविष्ट केल्या. त्याच मालिकेतील २०१७ च्या अहवालानुसार नेत्रशुष्कता हा अनेक घटकांमुळे होणारा, अश्रुपटलाचे संतुलन बिघडवणारा विकार असून चेतातंतूंच्या संवेदनेतील दोषही त्यात भूमिका बजावतात. या शेवटच्या मुद्द्यामुळे, तपासणीत फारसे काही न आढळताही काही रुग्णांना तीव्र वेदना का होतात, याचे स्पष्टीकरण मिळू लागले.

अश्रुपटलाची रचना आणि कार्य

डोळ्याच्या पुढच्या भागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यास अश्रुपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतकी असते. एका डोळ्यावर एका वेळी साधारण ७ मायक्रोलीटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी अश्रुद्रव असतो. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात (पारपटलात) रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे त्याला प्राणवायूचा मोठा भाग हवेतून अश्रुपटलाद्वारे मिळतो. अश्रुपटल पारपटलाचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवून प्रतिमा स्पष्ट करते, धूळ धुऊन टाकते आणि त्यातील लायसोझाइमसारख्या द्रव्यांमुळे जिवाणूंपासून संरक्षण देते.

अश्रुपटलाचे तीन घटक आहेत :

तेलाचा थर : हा सर्वांत बाहेरचा थर होय. पापण्यांच्या आत उभ्या रांगेत असलेल्या मायबोमियन ग्रंथी हे तेल तयार करतात. वरच्या पापणीत अशा सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. प्रत्येक उघडझापेबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश पापणीच्या कडेवर येतो आणि पाण्यावर पसरून बाष्पीभवन रोखतो.

पाण्याचा थर : अश्रूंचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाहेरील कोपऱ्यात असलेली मुख्य अश्रुग्रंथी आणि पापण्यांखालील लहान साहाय्यक ग्रंथी तो स्रवतात. त्यात क्षार, प्रथिने आणि वाढघटक असतात.

श्लेष्माचा थर : डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू झाकणाऱ्या नेत्रश्लेष्मलेतील चषक पेशी म्युसिन हे चिकट द्रव्य तयार करतात. म्युसिनमुळे पाणी पारपटलावर सर्वत्र सारखे पसरते. ते नसल्यास मेण लावलेल्या पृष्ठभागावर पाणी जसे थेंबाथेंबाने गोळा होते, तशी अवस्था होते. आधुनिक मतानुसार पाणी व म्युसिन हे स्वतंत्र थर नसून परस्परांत मिसळलेले असतात.

अश्रूंचे नियंत्रण चेतासंस्थेकडे असते. पारपटलातील संवेदनाक्षम चेतातंतू कोरडेपणा टिपून मेंदूस संदेश देतात आणि मेंदूकडून अश्रुग्रंथी व पापण्यांना आज्ञा मिळते. ग्रंथी, पापण्या, पृष्ठभाग आणि चेता यांपैकी एकही दुवा निखळला तरी संपूर्ण यंत्रणा बिघडते.

प्रकार आणि विकाराची वाटचाल

नेत्रशुष्कतेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. जलन्यून प्रकारात अश्रुग्रंथी पुरेसे पाणी तयार करत नाहीत. बाष्पीभवनजन्य प्रकारात पाणी पुरेसे असते, पण तेलाच्या थरातील दोषामुळे किंवा डोळा अधिक काळ उघडा राहिल्यामुळे ते उडून जाते. बाष्पीभवनजन्य प्रकार अधिक आढळतो. दीर्घकाळ विकार असलेल्या पुष्कळ रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र दिसतात.

सुरुवात कोणत्याही कारणाने झाली तरी पुढील वाटचाल बरीचशी समान असते. पाणी कमी झाले की उरलेल्या अश्रूंतील क्षारांची तीव्रता वाढते. खारट झालेले हे अश्रू पृष्ठभागावरील पेशींना इजा करतात. इजा झालेल्या पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. दाहामुळे चषक पेशी नष्ट होतात, अश्रुपटल आणखी अस्थिर होते आणि कोरडेपणा वाढतो. हे दुष्टचक्र सुरू झाल्यावर मूळ कारण दूर होऊनही विकार पुढे चालू राहू शकतो. त्यामुळे कारण लवकर ओळखण्यास महत्त्व आहे.

कारणे

मायबोमियन ग्रंथींचा बिघाड

नेत्रशुष्कतेचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. निरोगी अवस्थेत या ग्रंथींतील तेल पातळ व स्वच्छ असते. बिघाड झाल्यास ते घट्ट होत जाऊन ग्रंथींची तोंडे बंद करते. दीर्घकाळ तुंबलेल्या ग्रंथी आकसतात आणि नष्ट झालेली ग्रंथी सहसा पुन्हा तयार होत नाही. वाढते वय, पापण्यांच्या कडांचा जुनाट दाह, रोझेशिया हा चेहऱ्याचा त्वचाविकार, डोक्यात अतिकोंडा होण्याची प्रवृत्ती आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म कीटक ही त्यामागची कारणे होत. अशा व्यक्तींच्या पापण्यांच्या कडा लाल व जाड दिसतात, सकाळी डोळे चिकटतात आणि पापणीवर वारंवार गाठी येतात.

वय आणि संप्रेरके

वयाबरोबर अश्रूंचे प्रमाण व तेलाची प्रत दोन्ही घटतात. अँड्रोजेन गटातील संप्रेरके मायबोमियन ग्रंथींचे कार्य टिकवून ठेवतात. स्त्रियांमध्ये त्यांची पातळी मुळातच कमी असते आणि वयानुसार ती आणखी घटते. रजोनिवृत्तीच्या सुमारास पुष्कळ स्त्रियांना डोळ्यांचा त्रास प्रथमच जाणवतो. त्यावर इस्ट्रोजेन घेणे हा उपाय ठरत नाही. रजोनिवृत्तीनंतर केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नेत्रशुष्कतेचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या अभ्यासात दिसून आले आहे.

स्वयंप्रतिकारक विकार

शोग्रेन विकारात शरीराच्या प्रतिकारसंस्थेतील पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथी व लाळग्रंथी यांवरच हल्ला करतात. डोळ्यांसोबत तोंडही कोरडे पडते, कोरडा घास गिळताना पाणी लागते आणि दात लवकर किडतात. हा विकार पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक आढळतो. तो एकटा असू शकतो किंवा संधिवाताभ आणि ल्युपस यांसारख्या विकारांसोबत येतो. त्याच्या रुग्णांत लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. परिणामी, तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे असल्याच्या तक्रारीकडे केवळ डोळ्यांचा प्रश्न म्हणून पाहिले जात नाही. थायरॉइडशी संबंधित नेत्रविकारात डोळे पुढे आल्याने पापण्या नीट मिटत नाहीत आणि बाष्पीभवन वाढते. मधुमेहात पारपटलातील चेतातंतू क्षीण झाल्याने कोरडेपणाची सूचना मेंदूपर्यंत पोहोचण्यातच अडथळा येतो.

औषधे

अनेक नेहमीच्या औषधांचा नेत्रशुष्कता हा दुष्परिणाम आहे. सर्दी व अ‍ॅलर्जीवरील अँटिहिस्टामिन औषधे, ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यविरोधी औषधे, लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची औषधे आणि बीटा-ब्लॉकर यांमुळे अश्रू कमी होऊ शकतात. तीव्र मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन मायबोमियन ग्रंथींचे कार्य मंदावते. काचबिंदूसाठी वर्षानुवर्षे टाकल्या जाणाऱ्या काही थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते. ते जिवाणूंप्रमाणेच डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींनाही अपाय करते. औषधामुळे त्रास होत असल्याची शंका असली, तरी रक्तदाब, काचबिंदू किंवा नैराश्याचे औषध परस्पर बंद करणे धोक्याचे असते. त्याऐवजी दुसरे औषध किंवा परिरक्षकविरहित थेंब देण्याचा निर्णय चिकित्सक घेतात.

उघडझाप आणि दृश्यपटल

सर्वसाधारणपणे मनुष्य मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्यांची उघडझाप करतो. संगणक किंवा मोबाइलच्या पटलाकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण बरेचदा निम्म्याहून खाली येते. शिवाय बऱ्याच उघडझापा अर्धवट होतात. पापण्या एकमेकींना टेकत नाहीत, ग्रंथींवर दाब पडत नाही आणि तेल बाहेर येत नाही. डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवलेल्या पटलाकडे पाहताना डोळे अधिक उघडतात आणि बाष्पीभवनाचे क्षेत्र वाढते. वाचन, शिवणकाम, भरतकाम आणि लांब पल्ल्याचे वाहनचालन यांतही उघडझाप कमी होते. पटलाच्या प्रकाशापेक्षा उघडझापेतील ही घट कोरडेपणास अधिक कारणीभूत असते.

हवामान आणि परिसर

कोरडी हवा, वारा, धूर व धूळ यांमुळे अश्रू लवकर उडतात. कोकणच्या दमट किनारपट्टीच्या तुलनेत विदर्भातील उन्हाळ्याची हवा अतिशय कोरडी असते. अशा ऋतूत आधीपासून असलेला सौम्य विकार तीव्र होतो. वातानुकूलन खोलीतील आर्द्रता कमी करते. पंख्याचा किंवा वाहनातील वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर येणे, काचेविना हेल्मेट घालून दुचाकी चालवणे आणि चुलीच्या धुरात दीर्घकाळ स्वयंपाक करणे ही भारतातील नेहमीची उदाहरणे होत. सैल मुखपट्टीच्या वरच्या कडेतून श्वासाची हवा डोळ्यांवर आल्यानेही कोरडेपणा जाणवतो. तंबाखूचा धूर अश्रुपटलातील तेलाचा थर बिघडवतो.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि शस्त्रक्रिया

कॉन्टॅक्ट लेन्स अश्रुपटलाचे दोन भाग करते. लेन्सवरील पातळ भाग लवकर सुकतो. लेन्स वापरणे सोडून देण्यामागे कोरडेपणा हे एक प्रमुख कारण असते. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केल्या जाणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलला जातो आणि त्यातील चेतातंतू कापले जातात. पुढील काही महिने कोरडेपणा जाणवणे नित्याचे असून बहुतेकांत तो हळूहळू कमी होतो, तथापि काहींमध्ये टिकून राहतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही असा त्रास होऊ शकतो. आधीच कोरडेपणा असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा उपचार केला जातो, कारण अस्थिर अश्रुपटलामुळे कृत्रिम भिंगाच्या मोजमापातही चूक होऊ शकते.

पापण्या आणि चेता यांचे विकार

चेहऱ्याच्या चेतेचा पक्षाघात झाल्यास एका बाजूचा डोळा मिटत नाही. पार्किन्सन रोगात उघडझाप मंदावते. काही व्यक्तींच्या पापण्या झोपेत किंचित उघड्या राहतात आणि सकाळी उठताच डोळे खुपतात. नागिणीचा रोग (हर्पिस झोस्टर) डोळ्याच्या चेतेस झाल्यास पारपटल बधिर होते. बधिर डोळा दुखत नाही, परिणामी त्यातील जखम उशिरा लक्षात येते.

जीवनसत्त्व अ ची कमतरता

जीवनसत्त्व अ चषक पेशींसाठी आवश्यक असते. त्याच्या कमतरतेमुळे होणाऱ्या नेत्रविकारास झेरॉफ्थॅल्मिया म्हणतात. प्रथम रातांधळेपणा येतो, नंतर नेत्रश्लेष्मला कोरडी व निस्तेज होते आणि तिच्यावर फेसाळ पांढरट डाग दिसू लागतात. फ्रेंच वैद्य पिएर बितो यांनी १८६३ साली वर्णन केल्यामुळे हे डाग बितोचे डाग म्हणून ओळखले जातात. कमतरता तीव्र झाल्यास पारपटल मऊ पडून विरघळते आणि बालक कायमचे अंध होऊ शकते. कुपोषित बालकास गोवर झाल्यास हा धोका विशेष वाढतो. भारतात या अंधत्वास आळा घालण्यासाठी १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या प्रचलित वेळापत्रकानुसार बालकास ९ व्या महिन्यात गोवरप्रतिबंधक लसीसोबत १ लाख एकक आणि त्यानंतर ५ वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक जीवनसत्त्व अ तोंडावाटे दिले जाते. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई, आंबा, दूध आणि अंडी हे त्याचे आहारातील स्रोत आहेत.

व्रण आणि भाजणे

चुना, ॲसिड किंवा तीव्र क्षार डोळ्यात गेल्यास चषक पेशी आणि अश्रुग्रंथींची तोंडे नष्ट होतात. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी लहान मुलांनी दाबल्याने अशा इजा होतात. औषधांच्या तीव्र प्रतिक्रियेतून उद्भवणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन विकारात नेत्रश्लेष्मलेवर व्रण पडून अत्यंत तीव्र नेत्रशुष्कता येते. खुपरी (ट्रॅकोमा) या संसर्गामुळेही पूर्वी अनेकांना असे व्रण होत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

लक्षणे

डोळे चुरचुरणे, आग होणे, कचरा गेल्यासारखे वाटणे, जड होणे, प्रकाश सहन न होणे, दोरीसारखा चिकट श्लेष्म येणे आणि वाचताना अक्षरे अंधुक होऊन उघडझाप केल्यावर पुन्हा स्पष्ट होणे ही नेहमीची लक्षणे आहेत. जलन्यून प्रकारात त्रास बहुधा दिवस चढेल तसा वाढतो. पापण्यांच्या कडांच्या दाहात तो सकाळी अधिक असतो.

डोळ्यांतून पाणी वाहणे हे लक्षण वरकरणी विसंगत वाटते. पृष्ठभाग कोरडा पडल्याने चेतातंतू उत्तेजित होतात आणि मुख्य अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येणाऱ्या अश्रूंप्रमाणेच हे प्रतिक्षिप्त अश्रू होत. तेलाचा थर सदोष असल्याने तेही न टिकता गालावर ओघळतात आणि डोळा पुन्हा कोरडा पडतो.

तक्रार आणि तपासणीतील निष्कर्ष यांचा मेळ नेहमी बसत नाही. काही रुग्णांना अल्प बिघाडातही असह्य त्रास होतो, तर ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना गंभीर बिघाडातही फारसे काही जाणवत नाही. अचानक दृष्टी कमी होणे, तीव्र वेदना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा पू येणे ही साध्या कोरडेपणाची लक्षणे नसून त्यांस तातडीच्या तपासणीची गरज असते.

निदान

निदानाची सुरुवात रुग्णाचा व्यवसाय, औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, सांधेदुखी आणि तोंडाचा कोरडेपणा यांविषयीच्या चौकशीने होते. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी १२ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली वापरली जाते. तीत ० ते १०० गुण असतात. स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक उपकरणाने पापण्यांच्या कडा, ग्रंथींची तोंडे आणि पृष्ठभाग पाहिला जातो. पुढील चाचण्या प्रचलित आहेत :

अश्रुपटल भंगकाल : फ्लुरेसिन हे रंगद्रव्य डोळ्यात घालून, उघडझाप केल्यानंतर अश्रुपटलात पहिली फट किती सेकंदांनी पडते ते पाहतात. १० सेकंदांपेक्षा कमी काळ अस्थिरता दर्शवतो.

शिर्मर चाचणी : ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात. भूल न देता केलेल्या चाचणीत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओलावा पाण्याची स्पष्ट कमतरता दर्शवतो.

रंजन : फ्लुरेसिन व लिसामिन ग्रीन ही रंगद्रव्ये इजा झालेल्या पेशी दाखवतात.

याशिवाय अश्रूंतील क्षारांचे मोजमाप आणि अवरक्त प्रकाशाने मायबोमियन ग्रंथींचे छायाचित्रण करता येते. शोग्रेन विकाराची शंका असल्यास रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि गरजेनुसार ओठाच्या आतील लहान लाळग्रंथींचा नमुना तपासला जातो. शिर्मर चाचणी सर्वसाधारण आली म्हणून नेत्रशुष्कता नाही असे ठरत नाही, कारण बाष्पीभवनजन्य प्रकारात पाण्याचे प्रमाण पुरेसे असू शकते.

उपचार

उपचार टप्प्याटप्प्याने केला जातो. पहिल्या टप्प्यात परिसर व सवयींतील बदल, कारणीभूत औषधांचा फेरविचार आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब यांचा समावेश होतो. कृत्रिम अश्रूंत कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोज, हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट ही ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये असतात. दिवसातून अनेकदा थेंब टाकावे लागत असल्यास परिरक्षकविरहित थेंब निवडले जातात.

मायबोमियन ग्रंथींच्या बिघाडात बंद पापण्यांवर सुमारे ४० अंश सेल्सिअसचा उबदार शेक ५ ते १० मिनिटे देऊन नंतर हलका मसाज व पापण्यांच्या कडांची स्वच्छता केली जाते. उष्णतेने घट्ट झालेले तेल वितळते. पाणी वाढवणाऱ्या थेंबांपेक्षा या रुग्णांना शेकाचा उपयोग अधिक होतो, मात्र तो नियमित करावा लागतो.

दाह असल्यास सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले जातात. अमेरिकेत या थेंबांना २००२ साली मान्यता मिळाली. लिफिटेग्रास्टला २०१६ मध्ये मिळाली. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात. अश्रूंचा निचरा करणारी पापण्यांच्या आतील कोपऱ्यावरील छिद्रे सूक्ष्म बुचांनी बंद करून असलेले अश्रू डोळ्यात राखता येतात. तीव्र विकारात रुग्णाच्याच रक्तातील लसीपासून बनवलेले थेंब, द्रवाचा साठा धरून ठेवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स किंवा पापण्यांचा काही भाग शिवणे हे उपाय योजले जातात.

ओमेगा-३ मेदाम्लांच्या गोळ्यांचा वापर व्यापक आहे. तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५३५ रुग्णांचा समावेश असलेल्या अमेरिकेतील चाचणीत दररोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

स्वयंउपचारातील धोके

डोळ्यांची लाली त्वरित घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यांचा परिणाम ओसरल्यावर लाली अधिक वेगाने परत येते आणि थेंबांची सवय लागते. स्टिरॉइडचे थेंब चिकित्सकाच्या देखरेखीखाली अल्पकाळ उपयुक्त असतात. परंतु त्यांनी लगेच बरे वाटत असल्याने जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हापुन्हा आणून वापरले जातात. अशा वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि कालांतराने मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. साध्या चुरचुरण्यावरील उपायाची अशी किंमत द्यावी लागू शकते.

गुलाबजल, मध, दूध किंवा तूप डोळ्यात घालण्याची घरगुती प्रथा आहे. हे पदार्थ निर्जंतुक नसतात. निर्जंतुकतेचे महत्त्व २०२३ साली अमेरिकेत ठळकपणे पुढे आले. दूषित कृत्रिम अश्रूंमुळे प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरला आणि काही रुग्णांची दृष्टी गेली, काहींचा मृत्यूही झाला. पापणीच्या आतल्या कडेला लावलेले काजळ मायबोमियन ग्रंथींची तोंडे बुजवू शकते.

गुंतागुंत

बहुसंख्य रुग्णांत नेत्रशुष्कतेमुळे अंधत्व येत नाही, परंतु वाचन, वाहनचालन आणि कामाची क्षमता यांवर परिणाम होतो. उपचाराविना राहिलेल्या तीव्र विकारात पारपटलावर ओरखडे, जंतुसंसर्ग, व्रण आणि क्वचित छिद्र पडू शकते. शोग्रेन विकार, स्टीव्हन्स-जॉन्सन विकार, न मिटणारा डोळा आणि जीवनसत्त्व अ ची तीव्र कमतरता या अवस्थांत हा धोका सर्वाधिक असतो.

प्रतिबंध

पटलावर काम करताना दर २० मिनिटांनी दूर पाहणे, मधूनमधून जाणीवपूर्वक पापण्या पूर्ण मिटणे आणि पटल डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली ठेवणे हे उपाय सुचवले जातात. पंख्याचा व वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यापासून दूर वळवणे, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवणे किंवा बाजूने झाकलेला चष्मा वापरणे, धूम्रपान टाळणे आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावून न झोपणे यांमुळे त्रास कमी होतो. चुना किंवा रसायन डोळ्यात गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन रुग्णालय गाठणे हा पुढील नेत्रशुष्कता टाळण्याचा महत्त्वाचा उपाय आहे.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात संपूर्ण डोळ्यास व्यापणाऱ्या रोगांमध्ये शुष्काक्षिपाक या रोगाचा उल्लेख आहे. आयुर्वेदाचे अभ्यासक त्याची तुलना नेत्रशुष्कतेशी करतात, मात्र दोन्ही संकल्पनांची बैठक भिन्न आहे. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ साली पापण्यांतील तैलग्रंथींचे सविस्तर वर्णन केले. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ साली गाळणकागदाची चाचणी मांडली. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या आपल्या प्रबंधात १९ स्त्री-रुग्णांचे वर्णन करून डोळ्यांचा कोरडेपणा व संधिवात यांचा संबंध दाखवला. या प्रबंधामुळे डोळ्यांपुरता समजला जाणारा हा त्रास सर्वांगीण रोगाचे चिन्ह असू शकतो, हे वैद्यकाच्या लक्षात आले. अश्रुद्वारे बंद करणारी सूक्ष्म बुचे १९७५ पासून वापरात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उपचाराचा भर पाणी भरून काढण्यावर होता. त्यानंतर दाह आणि तेलाचा थर यांकडे लक्ष वळले.

हेही पाहा

डोळा
अश्रू
मोतीबिंदू
काचबिंदू
रातांधळेपणा
जीवनसत्त्व अ
शोग्रेन विकार